दुसरी सही

नाही मावशी, बटण कितीही दाबलंत तरी काही होणार नाही. वीज गेलीय, बटणाला काय कळतं बिचाऱ्याला. बसा खाली, आणि तो रॉकेलचा कॅन कोपऱ्यात सरकवा, लवंडायला नको. चूक माझीच. तुम्ही शहाण्यासारख्या जिन्याकडे निघाला होतात — मीच म्हटलं, या, पाचपर्यंत वीज आहे, अजून दहा मिनिटं आहेत. अख्ख्या येरेवान शहरात शेंबडं पोरसुद्धा शेवटच्या दहा मिनिटांत लिफ्टमध्ये पाय घालत नाही. मी घातला. का? तर ते वेळापत्रक मी बनवलंय. सही आहे माझी त्याच्यावर. स्वतःच्या सहीवर विश्वास ठेवणारा मी एकटाच उरलो असेन या देशात.

थंडी वाजतेय का? दात वाजताहेत तुमचे, मला ऐकू येतंय. हा घ्या माझा कोट — घ्या हो, मला आत स्वेटर आहे, आणि खिशात कोन्याकची बाटली आहे. एक घोट? बरं, मी घेतो. तुम्हालाही सातवाच मजला ना? म्हणजे माझ्या समोरच्या अनुशकडे आला असाल. पूर्वी पाहुणा मिठाई आणायचा, आता रॉकेल आणतो. मी मेल्स होवाकिम्यान. हो, तोच, टीव्हीवरचा — टीव्ही चालायचा तेव्हाचा. मार्क्स, एंगल्स, लेनिन, स्टालिन, चौघांची आद्याक्षरं जोडून वडिलांनी नाव ठेवलं. चौघांचीही पुस्तकं पहिल्याच हिवाळ्यात शेगडीत गेली, चांगली जळतात, जाड कागद. नाव तेवढं राहिलं.

लोक म्हणतात, माझ्याकडे, आमदार साहेबांकडे, डावी लाइन आहे, शेजारच्या दवाखान्यातून चोरून ओढलेली. आहे. एक वायर, एक बल्ब. कुणाकडे नाही? पण तुम्ही बाहेरगावच्या, उद्या परत जाल, म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही. अंधारात माणूस बोलतो जास्त, नाही का?

मी काही मुळात पुढारी नाही, मावशी. इंजिनिअर. अणुवीज केंद्रात सोळा वर्षं, पाइप आणि भिंती तपासायचं काम. मग भूकंप झाला. ग्युमरीत माझी बहीण होती — होती, एवढंच सांगतो. इकडे लोक चौकात जमले, केंद्र बंद करा म्हणून. आणि मला मंचावर चढवलं, का, तर हा आतला माणूस, ह्याला ठाऊक. समोर लाखभर माणसं, बायका सगळ्या काळ्या कपड्यांत. त्यातल्या एकीनं विचारलं, बाळा, भिंतीला भेग आहे का रे? मी म्हणालो, आहे. या डोळ्यांनी पाहिली. हाताचा पंजा जाईल एवढी.

नव्हती.

तीन दिवस पोटावर सरपटत एकेक भिंत तपासली होती मी. केसाएवढी भेग नव्हती. पण बहिणीचं घर बिस्किटासारखं चुरलेलं पाहून आलो होतो ना — मला वाटायचं, असणारच, मलाच दिसली नाही. खोटं बोललो असं नका म्हणू. घाबरलो होतो मी. लोकांनी खांद्यावर घेतलं, केंद्र बंद झालं, मी निवडून आलो. आणि हे आता — मुलं आईच्या पोटातून अंधारातच बाहेर येताहेत, लोक घरातली लाकडी जमीन उखडून जाळताहेत.

आता ऐका, कशा कात्रीत सापडलोय ते. उद्या सभागृहात ठराव आहे, केंद्र पुन्हा चालू करायचं. इंजिनिअर म्हणून बोलायचंय मला. नको म्हणालो तर अजून एक असला हिवाळा. हो म्हणालो तर लोक विचारणार, साहेब, भेग कुठे गेली? म्हणून ठरवलंय, सांगायचं — बुजवली. कधी पडलीच नव्हती ती भेग मी उद्या बुजवणार. सगळं जुळतं. फक्त एक वही आहे, त्या तीन दिवसांची तपासणी वही, माझ्याच अक्षरात, ‘दोष आढळला नाही.’ पाच वर्षं कचेरीच्या कपाटात ठेवली, जाळवली नाही हो. आज शेगडीत टाकणार. तुमच्या अंगावरच्या कोटात, आतल्या खिशात आहे. लागत असेल बरगडीला, नाही?

काय म्हणालात? सही — हो, दोन सह्या आहेत. एक माझी, दुसरी सेद्राकची. वेल्डर होता, तीन दिवस बॅटरी धरून माझ्यामागे सरपटला. तो केंद्राच्या फाटकापाशी उभा राहून ओरडून सांगत होता, भेग नाही म्हणून. लोकांनी गद्दार ठरवलं त्याला. दारावर रंगानं लिहिलं. पावाच्या रांगेत उभा राहू देईनात, असं कानावर आलं. मी काय करणार होतो? मी बोललो असतो तर... चांगला होता हो सेद्राक. उजव्या हाताला—

हो, दोन बोटं नव्हती. तुम्हाला कसं माहीत?

मावशी. तुम्ही अनुशकडे आला नव्हतात.

कधी गेला तो? गेल्या फेब्रुवारीत. आणि तुम्ही माझ्याकडे आलात, एका कागदासाठी. आपला नवरा खोटं बोलला नव्हता, एवढं मी लिहून द्यावं म्हणून. आणि हे रॉकेल... माझ्यासाठी. घरातलं?

देतो मी, लिहून देतो, देवाशपथ. उद्याचा ठराव होऊ दे, वसंत येऊ दे. तेवढा कोट द्या इकडे. मी ओढणार नाही, मावशी, म्हाताऱ्या माणसावर हात टाकणारा नाही मी. तुम्हीच द्या. अंधारात मी जे बोललो—

आला. दिवा आला. लिफ्ट आपोआप निघाली बघा. थांबा, डोळे दिपलेत माझे. चौथा मजला. मावशी, बटणं सोडा ना कोटाची. लावताय कशाला? पाचवा. मला मुलंबाळं आहेत हो.

अरे वा, सगळा मजला जमलाय. नाही अनुश, काही नाही झालं, अर्धा तास अडकलो, एवढंच. ह्या? ह्या एक ओळखीच्या. कोट... हो, माझाच. थंडी वाजत होती त्यांना. असू दे, असू दे त्यांच्या अंगावर. खरंच असू दे, अनुश, हात नको लावूस.

निघालात? जपून उतरा, जिन्यात बल्ब नाहीत.

मावशी... तुमचा कॅन राहिला.