अडतीस रोपांतून काढायचं कुणाला?

नाही, पण मला एक सांगा, अडतीसच्या अडतीस उगवायचं काही कारण होतं का? पाकिटातल्या बिया आहेत, काही सडाव्यात, काही मुंग्यांनी न्याव्यात, काही चिमण्यांनी... या जगात शंभर टक्के उगवतं काय हो? दुकानदार म्हणाला होता, "काका, नवशिके दिसताय, सगळं पाकीट एका ट्रेमध्ये टाका, निम्मं वाया जाणार असं धरूनच चाला." धरून चाललो! आठव्या दिवशी बघतो तर ट्रेमध्ये मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. अडतीस! टोमॅटो! आणि आमची गॅलरी केवढी? मी उभा राहिलो की बायकोनं आत थांबायचं, एवढी.

बायको म्हणाली, "चार ठेवा, बाकीची काढून टाका." म्हणाली कशी, तर पालेभाजी निवडताना म्हणावं तशी! मी म्हटलं, अगं, पण काढायचं कुणाला?

तुम्ही हसाल. हसा. पण तुम्हाला सांगतो, मी आयुष्यभर कारखान्याच्या ऑफिसात माणसांच्या फायली सांभाळल्या. कामगार आला की नंबर, नाव, हजेरी आणि शेवटी शेरा. हाताला वळणच ते. तर मी काय केलं, रोपं उगवल्या उगवल्या प्रत्येकाशेजारी एकेक काडी खोचली, काडीवर नंबर घातला आणि वहीत रकाने आखले. नंबर सात: वाकडा, पण उजेडाकडे वळतो, होतकरू. नंबर बारा: उशिरा आला, भरून काढेल. नंबर एकोणतीस: बीचं टरफल अजून डोक्यावर घेऊन उभा आहे, मदत करावी. इथंच घोडं पेंड खातं बघा! ज्याला आपण आपल्या हातानं 'होतकरू' लिहिलं, त्याला दोन बोटांत धरून उपटायचं कसं? तुम्ही उपटाल? बायकोनं ती वही शांतपणे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, "मला तेहतीस वर्षांत कधी होतकरू म्हटलं नाहीत." मी ट्रेला पाणी घालायला गेलो.

पण खरं सांगू? टोमॅटो हे आपलं निमित्त. टोमॅटो बाजारात मिळतात हो! आमच्या खालच्या मजल्यावर फोरमन राहतो. कारखान्यातला. बावीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला, अरे-तुरेतले आम्ही. तीन वर्षांपूर्वी कारखान्यानं त्याचं आख्खं खातं अर्ध्यावर आणलं आणि मोठे साहेब मला म्हणाले, "यादी करा, संध्याकाळपर्यंत टेबलावर हवी." झालं. तेव्हाही मी हेच म्हणत बसलो होतो, काढायचं कुणाला, काढायचं कुणाला... आणि मग लिहिली की यादी. त्याचंही नाव लिहिलं. सुवाच्य अक्षरात! तेव्हापासून तो बोलत नाही. भांडला असता, चार लोकांत माझी गचांडी धरली असती तरी बरं वाटलं असतं. नाही! जिन्यात भेटला की भिंतीकडे बघत उतरतो. त्या भिंतीत असं काय आहे, मी पण एकदा बघितलं. काही नाही.

आणि घरी बसून त्यानं गॅलरीत भाजी अशी पिकवली की जाणारी-येणारी माणसं मान वर करून उभी राहतात. मला वाटलं, आपणही काहीतरी लावावं, म्हणजे अडलं की खाली जाऊन विचारता येईल. 'अरे, पाणी किती घालायचं?' एवढंच! तेवढ्यासाठी हा सगळा उद्योग. पण रोज तिसऱ्या पायरीपर्यंत उतरायचो आणि परत वर. बायको विचारायची, "गुडघ्यांचा व्यायाम का?"

तर एकालाही काढलं नाही मी. अडतीसांना वेगवेगळी जागा दिली. कपांत, डब्यांत, साखरेच्या बरणीत, इस्त्रीच्या टेबलावर नऊ जणांची तुकडी, आणि उरलेल्या सगळ्यांची रांग गॅलरीच्या कठड्यावर. आणि प्रेम उतू चाललेलं ना, पाणी घातलं दणकून!

दाराची बेल वाजली. दारात फोरमन! हातात भिजलेला शर्ट. म्हणाला, "तुमचं पाणी आमच्या कपड्यांवर पडतंय." तुमचं! आमच्या! म्हटलं, ये ना आत. तो खरमरीत काहीतरी बोलायला आला असणार, पण आत पाऊल टाकलं आणि थबकलाच. "हे काय?"

"टोमॅटो."

"एवढे?"

"अरे, काढायचं कुणाला, तेच कळेना."

बोलून गेलो आणि जीभ चावली! कुणापुढे काय बोलतोय मी? स्वयंपाकघरात बायको भांडी घासत होती, तिनं नळसुद्धा बंद केला.

त्यानं टेबलावरची वही उचलली. उभ्या उभ्या वाचत गेला. एकोणतीस नंबरपाशी हसल्यासारखा झाला, मग वही मिटली आणि म्हणाला, "माझ्या नावापुढं काय लिहिलं होतंस?"

होतंस, बरं का! तीन वर्षांनी.

आता थाप मारता आली असती. अत्यंत कर्तबगार, वगैरे... कोण तपासायला जातंय? पण नाही जमलं. म्हटलं, "काहीच नाही. त्या दिवशी शेऱ्याचा रकाना मी सगळ्यांचाच कोरा ठेवला. एक शब्द जरी लिहिला असता ना, तर कुणाचंच नाव लिहायला हात उचलला नसता." तीन वर्षं मी एक भाषण पाठ करत होतो हो, आरशासमोर, आंघोळ करताना... त्यातली एकही ओळ आठवेना. म्हटलं, "चुकलं रे माझं."

तो म्हणाला, "चुकलं तर आहेच."

बस! मी वाट बघतोय, आता म्हणेल जाऊ दे, आता म्हणेल झालं गेलं... छे! शर्ट खुर्चीवर टाकला, बाह्या सरसावल्या आणि म्हणाला, "बादली आण. दोन आण." आणि बसला खाली मांडी घालून. चार रोपं बाजूला ठेवली. "ही तुला. सगळ्यांत दणकट आहेत, तुझ्या हातून मरायला जरा वेळ लागेल." बाकीची चौतीस अलगद मुळांसकट बादल्यांत घेतली आणि खाली घेऊन गेला. वहीसुद्धा घेऊन गेला! म्हणाला, "शेरे आता मी लिहीन."

आता पुढचं ऐका. माझी चार दणकट. एक पाण्यानं कुजलं, एक उन्हानं करपलं, एकावर माव्याची कीड पडली. चौथं तो स्वतः येऊन घेऊन गेला, म्हणाला, "याच्यावर दया कर." आणि खाली? फांद्यांना काठ्यांचे टेकू द्यावे लागलेत! खात्यात माणसं निवडण्यात ज्या फोरमनची हयात गेली, त्याची ही निवड... म्हणजे निवड त्याची, पण मारली मी.

त्यानं माफ केलंय का? माहीत नाही बुवा. विचारायचा धीर होत नाही. रोज संध्याकाळी खालून हाक येते, "ए, उतर खाली, तोडायला आलेत!" मी उतरतो, तो पायानं स्टूल माझ्याकडे सरकवतो आणि पाणी घालायची झारी आधी स्वतःच्या मागं लपवतो. मग आम्ही बसतो.

लोक विचारतात, "काय, कशी चाललीय तुमची बाग?" मी म्हणतो, एकदम उत्तम! फक्त मला तिला हात लावायची परवानगी नाही.