गिरणीवाल्याची पिपं

(सेलम गाव, मॅसॅच्युसेट्स वसाहत, १७४२चा हिवाळा. रविवारच्या दोन प्रार्थनांमधली सुट्टी. प्रार्थनाघराच्या मागे दोन गुलाम, नवरा-बायको. दोघांचे मालक वेगळे.)

क्वाको : अबीना कुठंय?

झिल्पा : घरी. बाईंनी आणू दिलं नाही. म्हणाल्या, तिच्यावाचून राहायची सवय कर.

क्वाको : म्हणजे?

झिल्पा : देऊन टाकतायत तिला.

क्वाको : विकतायत?

झिल्पा : विकतात कुठे. मांजरीची पिल्लं वाटतात तशी. मालक म्हणाले, स्वयंपाकीण पोर घेऊन बसली तर चूल कोण बघणार?

क्वाको : पण अंगावर पितंय ते पोर. पितं पोर तोडत नाहीत, तूच म्हणालीस.

झिल्पा : दूध आटलं रे माझं. चोरून मक्याची पेज भरवत होते. परवा बाईंनी पाहिलं. म्हणाल्या, खाते की छान.

क्वाको : कुठे नेणार?

झिल्पा : हॅडलीला, एका गिरणीवाल्याकडे. परवा बर्फगाडी निघते. पाच दिवसांची वाट.

क्वाको : आजच पळू. तिघं.

झिल्पा : मांडीभर बर्फात? पावलं दिसतील. आपल्यातला सीझर पळाला, दुसऱ्या दिवशी धरला, बार्बेडोसच्या जहाजावर चढवला. तिकडच्या उसाच्या मळ्यांतून परत आलेला एक तरी पाहिलायस?

क्वाको : पाद्रीबाबांना सांगू. लग्न त्यांनीच लावलंय.

झिल्पा : काय म्हणाले होते, आठव. मरेपर्यंत सोबत नाही. मालक ठेवतील तोवर.

क्वाको : गिरणीवाला म्हणालीस ना?

झिल्पा : हो.

क्वाको : पिठाला पिपं लागतात. माझ्यासारखी पिपं त्या भागात कोण बांधतंय? माझ्या मालकाला सांगतो, मला त्याला विका.

झिल्पा : आपल्या तोंडानं सांगणार?

क्वाको : पाय धरून सांगेन.

झिल्पा : आणि चिडून जहाजावर घातलं तर?

क्वाको : तर गेलो. ती एकटी वाढणार तिथे, झिल्पा. आपण कोण, तेसुद्धा कळणार नाही तिला.

झिल्पा : आणि मी?

क्वाको : तुला ते सोडायचे नाहीत.

झिल्पा : ते माहितीये मला.

क्वाको : तू नको म्हणालीस तर नाही विचारत.

झिल्पा : घंटा झाली.

क्वाको : झिल्पा.

झिल्पा : उजव्या कुशीवर झोपते ती. डावीकडे ठेवलं तर रडत राहते.

क्वाको : बरं.

झिल्पा : जा आता. तुझा मालक आत जाऊन बसायच्या आधी गाठ त्याला.