मेंढ्यांवरचा आळ

...आन वर मलाच म्हणतोय, "आये, तुझ्या दम्यापायी कळप इकावा लागतोय!" घ्या! तुमाला सांगते, आमच्या पिंपळवंडीत दम लागायला काय कमी कारणं हायती? पहाटचं गार वारं, चुलीचा धूर, पडसं... पन न्हाई! माझ्या दत्तानं ठरवलं, मेंढ्यांच्या लोकरीनंच आईची छाती भरती. शनिवारचा टेम्पोबी सांगून ठेवला, चाकणच्या बाजाराला! आवो, माझ्या सासऱ्यानं वाढवलेला कळप, अजून लोक दारात येत्यात, "आजी, औंदा आमच्या वावरात मेंढ्यांचा वाडा बसवा, लेंडीखत पडू द्या"... आन ह्यो निघाला इकायला! सांगा बरं, यात मेंढ्यांचा काय गुन्हा?

मी म्हटलं, आधी शाबित कर, मग टेम्पो आण. गेलो दोघं मायलेक नारायणगावला.

डॉक्टरीणबाई लई गोड. म्हणाल्या, "आजी, आपल्या अंगात राखणदार पेशी असतात."

"म्हंजी वाड्यावरची कुत्री?"

"अगदी तशीच!"

मग मला समदं उमगलं. दम्याच्या जाती दोन. एका जातीच्या दम्यात काय व्हतं, ह्या कुत्र्यांना मेंढीच बिबट्या वाटती. लोकरीचा कण आत गेला का भुंकाया लागत्यात, आला रे आला! ते ऐकून मास्ट नावाच्या पेशी, तिखटाच्या पुड्या घेऊन बसल्यागत बसलेल्या असत्यात, त्या पुड्या फोडत्यात, श्वासाच्या नळ्या आवळत्यात, आन मागनं इओसिनोफिल नावाची टोळी येती ती सूज उतरूच देत न्हाई. ह्यो ॲलर्जीचा दमा. दुसऱ्यात ॲलर्जीच नसती. धूर, गार वारं, पडसं, येवढ्यावरच पेटतंय. तिथं पुष्कळदा न्यूट्रोफिलची टोळी उतरती, ती लई हट्टी, तोंडात वढायच्या पंपाच्या औषधालाबी लवकर दाद देत न्हाई. कवा कवा हितंबी पहिलीच, इओसिनोफिलची टोळी येती, कुनी न भुंकता!

मी म्हटलं, "बाई, ही तर भावकी झाली! मारामारी आपसात, आन नाव बाहेरच्याचं! मग मेंढ्यांचा काय गुन्हा?"

"तेच बघू," म्हणाल्या. हातावर थेंब टाकले, सुईनं टोचलं. धुळीचा, परागाचा, लोकरीचा. थांबलो... माझा तर जीव सुईवर! आन काय सांगू, लोकरीच्या जागी पुरळ न्हाई, खाज न्हाई, कायबी न्हाई! बाकीच्याबी जागा साफ. रक्तबी तपासलं, तेच आलं. बाई म्हणाल्या, "आजी, तुमचा दमा बिनॲलर्जीचा. मेंढ्या निर्दोष!"

मी दत्ताकडं असं बघितलं, असं बघितलं... "कर की फोन टेम्पोवाल्याला! सांग त्याला, येऊ नगं म्हणून!"

पोरगं वरमलं. म्हणतंय, "बाई, आलोच हाय तर माझंबी बघा, मलाबी रातचं छातीत वाजतंय."

टोचलं. आन लोकरीच्या जागी आलं की भजं! टम्म! दत्ता त्याच्याकडं बघतोय, मी दत्ताकडं, बाई आमा दोघांकडं.

"दत्ताभाऊ, कळपापासून लांब राहायचं. आणि आजी, तुम्ही पंप सोडायचा नाही, गार वारं टाळायचं."

"बरं," म्हटलं. घरी आलो, सूनबाई आशाला इचारलं, मेंढ्या कोन राखंल? ती म्हणती, "आत्या, माझी अंगणवाडी हाय."

म्हंजी घरात लोकर चालंल आन येळबी असंल असं मानूस उरलं एकच. तवा रोज पहाटं, कानाला फडकं, कनवटीला पंप, मेंढ्या म्होरं आन मी मागं... गार वारं टाळत!