चाळीस जणांचं दुखणं दोन

आपल्या वृद्धाश्रमाच्या मोठ्या बाई, ज्या आज अध्यक्ष म्हणून मध्ये बसल्या आहेत. त्यांच्या उजव्या हाताला डॉक्टरसाहेब. डाव्या हाताला, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या सिस्टर. त्यांच्या पलीकडे, सोमवारपासून कामावर येणाऱ्या नव्या सिस्टर. स्वयंपाकघरातून हात पुसत आलेली मंडळी. आणि साध्या खुर्च्यांवर, चाकांच्या खुर्च्यांवर व भिंतीला टेकून असलेले माझे सर्व सोबती, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

आधी एक विनंती. पाहुण्यांसमोरचं टेबल आपलं जेवणाचंच आहे आणि त्याचा एक पाय आखूड आहे. डॉक्टरसाहेब, कृपा करून कोपर टेकू नका. पाण्याचा जग तुमच्याच बाजूला आहे. मी सकाळपासून त्या पायाखाली पुठ्ठा सरकवतोय, पण पुठ्ठ्याचा काय भरवसा?

नातीने मला भाषण लिहून दिलं आहे. त्याचं पहिलं वाक्य ‘सेवा आणि समर्पण यांची मूर्तिमंत प्रतिमा’ असं आहे. ते मी आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा जीभ अडकली. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तेही सातवी धरली तर. नंतर अडतीस वर्षं एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवली. त्यामुळे मला ‘कितवा मजला?’ एवढंच नीट विचारता येतं. कागद खिशात ठेवतो. आहे ना खिशात? आहे.

सिस्टरांबद्दल चांगलं बोलायचं तर एक वाईट गोष्ट सांगावी लागेल, आणि ती माझी आहे. ती मला, माझ्या खोलीतल्या सोबत्याला आणि सिस्टरांना सोडून कोणालाच माहीत नाही. ती ऐकल्यावर उद्यापासून जेवायला माझ्या शेजारी कोण बसेल, ही काळजी मला आहेच. पण परवा हात धुताना मागे कोणीतरी म्हणालं, “सोमवारपासून नवीन बाई. आपण आपलं दोनच सांगायचं.” ते ऐकलं आणि मला घास जाईना. म्हणून सांगतो.

नव्या सिस्टर, इथे रोज सकाळी ‘किती दुखतं?’ असं विचारतात. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. पहिल्या दिवसापासून माझा आकडा नऊ. गुडघा दुखला तरी नऊ, चहा गार आला तरी नऊ. सिस्टर वहीत लिहून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “काका, एक आकडा शिल्लक ठेवलात, उपकार झाले.” मला इथे धास्तीकाका म्हणतात हे मला ठाऊक आहे. हसू नका, मागच्या रांगेतून सगळं ऐकू येतं.

तेव्हा आपल्यात ते ट्रकवाले ड्रायव्हर होते. त्यांनी एका सोमवारी ‘आठ’ सांगितलं. मंगळवारी त्यांची खाट वरच्या मजल्यावर गेली. वरच्या मजल्यावरची माणसं खाली जेवायला येत नाहीत, हे आपण सगळे जाणतो. मी काय समजलो असेन, सांगा? आठ म्हणजे वर! मी शिकलेला नाही, पण दोन आणि दोन चार मला कळतात. मी मास्तरांना सांगितलं. म्हणजे माझ्या खोलीतले शिंपी, टेलर मास्तर, ते तिसऱ्या रांगेत उशी घेऊन बसलेत. मास्तरांनी कोणाला सांगितलं नाही, त्यांचा तसा स्वभाव नाही. उरलेल्या अडतीस जणांना मीच सांगितलं, पण ‘कोणीतरी म्हणत होतं’ असं म्हणून.

बुधवारी सकाळी चाळीस जणांचं दुखणं दोन! मोडक्या मणक्याचं दोन, सुजलेल्या बोटांचं दोन. सिस्टर माझ्याजवळ आल्या.

“काका, कालपर्यंत नऊ होतं ना?”

“आज बरं आहे.”

“आणि चहा?”

“उत्तम.”

“मग मला तुमचीच काळजी वाटायला लागली,” म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

आता खरं सांगतो. माझ्या गुडघ्याचं दोन सांगितलं तरी चालण्यासारखं होतं. पण मास्तरांचं चालण्यासारखं नव्हतं. त्यांचा खुबा वाईट. कूस बदलताना ते उशीचा कोपरा दातांत धरायचे. मी म्हणायचो, “मास्तर, सांगा की हो.” ते म्हणायचे, “तूच सांगितलंस ना, आठ म्हणजे वर? मला खालीच बरं आहे. खिडकीपाशी उजेड आहे, सुईत दोरा ओवता येतो.” माझ्याच तोंडची गोष्ट त्यांच्या खुब्यात जाऊन बसली होती. दोन महिने बसली होती. त्या दोन महिन्यांत मी चांगलं जेवलो नाही, हे स्वयंपाकघराला माहीत आहे. त्यांना वाटलं मीठ कमी पडतंय.

मग एके दिवशी सिस्टर आपला पांढरा कोट घेऊन आल्या. “मास्तर, लांब होतोय, खालून दोन बोटं दुमडून द्याल?” मास्तरांचा चेहरा उजळला. खुर्ची खिडकीशी ओढून बसले. संध्याकाळी कोट तयार. सिस्टरांनी कड हातात धरली आणि उजेडात फिरवून फिरवून बघत राहिल्या. मला वाटलं, बाईंना काम पसंत पडलं नाही, आता मास्तरांचा अपमान होणार. पण त्या हळूच म्हणाल्या, “मास्तर, इथपर्यंत टाके मुंगीच्या पावलांसारखे आहेत. इथे आल्यावर लांब झाले. इथे तर टाका दोनदा उसवून परत घातला आहे. इथे उठलात ना तुम्ही?”

मास्तर सुई डबीत ठेवायला लागले.

“इथपर्यंत दोन होतं. इथे सहा. आणि या टोकाला काय होतं?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. पन्नास वर्षं कपडे शिवलेल्या माणसाला वाकड्या टाक्याबद्दल खोटं बोलता येत नाही. म्हणाले, “नऊ.” आणि लगेच म्हणाले, “पण मला वर पाठवू नका.”

“वर? वर कशाला?”

अध्यक्ष महोदया, त्या क्षणी मी खाटेखाली चप्पल शोधायला लागलो. चप्पल माझ्या पायातच होती.

मला सिस्टरांनी व्हरांड्यात नेलं. मी सगळं सांगितलं. त्या रागावतील म्हणून भिंत धरून उभा होतो. त्यांनी एवढंच विचारलं, “काका, ड्रायव्हर वर का गेले ते त्यांना विचारलंत?” आता, हे मला सुचायला नको का? पण नाही सुचलं. आम्ही वर गेलो. ड्रायव्हर खिडकीत बसून रस्त्यावरचे ट्रक मोजत होते. म्हणाले, “आठ सांगितलं म्हणून औषध बदललं, पाठ हलकी झाली. मग मीच म्हटलं, रस्ता दिसेल अशी खाट द्या. खाली काय दिसतं, पाण्याची टाकी? आणि जेवायला येत नाही कारण तुम्ही लोक फार बोलता.”

सिस्टरांनी माझं नाव कोणाला सांगितलं नाही. खोल्याखोल्यांतून फिरून नुसतं सांगत राहिल्या की आकड्यावरून कोणाची खाट हलत नाही. निम्म्यांना पटलं, निम्मे अजून माझंच खरं मानतात. बघा, शिकलेल्या माणसापेक्षा भित्र्या माणसाचं बोलणं किती लांब जातं!

मास्तरांना डॉक्टरसाहेबांनी ठरल्या वेळी घ्यायच्या गोळ्या दिल्या. माझं इथेही भांडण. “दुखत नसताना गोळी कशाला? सवय लागेल.” सिस्टर म्हणाल्या, “काका, तुमच्या लिफ्टला तेल कधी घालायचे? माणसं आत अडकल्यावर?” सवय, गुंगी, पोट साफ न होणं, यांवर त्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. पोटाची चौकशी तर इतक्या मोठ्याने करायच्या की शेजारच्या खोलीलाही निकाल कळायचा. खुब्याला शेक, बसायला ती उशी, सकाळी व्हरांड्यात दहा पावलं, मग वीस. आणि रोज एकच प्रश्न, “आज दुखणं कमी झालं तर काय करायचं ठरवलंय?” मास्तर म्हणायचे, “एक बाही.” मग म्हणायला लागले, “दोन्ही बाह्या.”

दुखणं गेलं का? नाही, पार गेलं नाही. पण आता उशीचे कोपरे शाबूत आहेत.

सिस्टर, तो कोट आजही तुमच्या अंगावर आहे. कड अजून वाकडीच आहे. मास्तरांनी तीनदा मागितला, तुम्ही दिला नाहीत. म्हणून त्यांनी नवा शिवला आहे. या पिशवीत आहे. त्याच्या कडेवर मी बोट फिरवून पाहिलंय, सबंध फेरा मुंगीच्या पावलांचा आहे. उसवलेला एक टाका नाही. जरा हात पुढे करा. जग सांभाळा, डॉक्टरसाहेब.

आणि नव्या सिस्टर, हात जोडून एक मागणं. तुम्हाला ‘दोन’ ऐकू आलं तर लगेच लिहू नका. आधी आमचे टाके बघा. आणि सोबत्यांनो, ती अफवा माझी होती. मीच पसरवली, मीच आज सगळ्यांसमोर मागे घेतो. सोमवारी खरं सांगा. माझ्यावर विश्वास नसेल तर आत्ताच होऊन जाऊ द्या. मास्तर, सगळ्यांसमोर, मोठ्याने. किती?

काय म्हणालात? मागे ऐकू आलं नाही.

“चार होतं,” म्हणतायत. “तुझं भाषण सुरू झाल्यापासून सहा.”

नव्या सिस्टर, लिहून घ्या. हा खरा आकडा आहे.

अध्यक्ष महोदया, बोलू दिलंत, पाहुण्यांनी ऐकून घेतलं, सर्वांचे आभार. बोलण्यात चूकभूल झाली असेल तर ती माझ्या अर्ध्या सातवीच्या खाती टाकावी. आणि मास्तर, वाढलेल्या त्या दोन अंकांबद्दल तुमची वेगळी माफी मागतो, आणि उशी सरळ करायला तिकडे येतो. नमस्कार.