किसनदादानं खोटा म्हनलेला खंजीर

मंडळी, बायांनो, सरूवहिनी...

पाटलाईनं मले दोन शब्द बोलाले सांगतलं. म्हने, तू फौजी मानूस, तुले बोलता येते. नाई येत बाप्पा. सारं अनसिंग गाव या पाराजवळ जमलं, अन ज्याच्यासाठी जमलं तो आपला किसन लोहार तापानं जाऊन आज पाच दिवस झाले. आतापर्यंत तिघं बोलले. दादा कष्टाळू होता, दादा गरीब होता. एक गोष्ट कोनीच काढली नाई. ती मले काढाची हाय. मधात कोनी उठू नका. उठले तं माह्यानं पुन्हा सांगनं होनार नाई.

माह्याजवळचा जर्मन खंजीर कोनाले मालूम नाई? लढाई संपून आता दहा वर्षं झाली. मी इटलीहून वापस आलो, तवा तो पेटीत घेऊन आलो. पांढरी मूठ, चकाचक पातं, मुठीखाली पंख पसरलेला गरुड, अन गरुडाच्या पायात स्वस्तिक. स्वस्तिक पाहून तं तुमी हातच जोडले. म्हनले, ही तं देवाचीच निशानी हाय. मी सांगतलं, जर्मन अफसराच्या कमरेचा हाय, अंगावर धावून आला अन मी हिसकला. तुमी म्हनले, खंडेनवमीले हा पाटावर पाह्यजे.

आपल्या गावात खंडेनवमीले हत्यार मांडाचा मान कोनाचा? लोहाराचा. तो आधी तेल लावून पुसते, पाहते, मंग पाटावर ठेवते. दादानं खंजीर हातात घेतला. लढाईच्या काळात दादा दोन वर्षं लष्करी कारखान्यात लोहारकामाले होता. पकडलेल्या जर्मन हत्याराईचे ढीग तिथं मोडीत येत. त्यानं गरुडावरून नख फिरवलं. मुठीच्या टोकाचं बोंड पिळून काढलं, मूठ ओढली, अन पात्याचा मुठीत लपलेला भाग उन्हात धरला. किती वेळ पाह्यलं त्यानं! तुमाले वाटलं, फौजी छाती काढून उभा हाय. मी मनात म्हनत होतो, ठेव रे लवकर पाटावर.

"गनपत," दादा म्हनला, "हे पातं एका तुकड्याचं नाई. मुठीतला भाग येगळा हाय, पितळेनं जोडला. जर्मन कारखाना असा जोड मारत नाई. मी शेकड्यानं पाह्यले. अन हा गरुड पाह्य, पंख बोथट, वर बारीक बारीक भोकं. कोन्या तरी कच्च्या साच्यातला हाय. अन मुठीतल्या भागावरचा गंज सगळीकडं सारखा. खरा गंज कुठी चढते, कुठी नाई चढत. हा तेजाबानं चढवला. तुले कोनी तरी फसवलं रे."

फसवलं! ऐकलं का मंडळी? तो मले खोटा म्हनला नाई. मले वाट करून देल्ली त्यानं. मी फक्त हो म्हनाचं होतं. अन मी काय म्हनलो? तुमी सारे होते तिथं. मी म्हनलो, "याले माहं बरं पाह्यवत नाई. यानं नुसता घन मारला, लढाई काय मालूम याले?"

तुमी हसले. मी बी हसलो.

दादा हसला नाई. "खोटं पातं मी देवापुढं मांडनार नाई," एवढंच म्हनला अन घरी गेला. खंजीर दुसऱ्यानं मांडला. त्यानंतर तो मान दादाले कधीच भेटला नाई. मंग फाळ पाजवाले तुमी वाशीमले जाऊ लागले. गाडीच्या चाकाले लोखंडी धावा बसवाले बी तिकडंच. सुगीत त्याचं बलुतं बंद झालं. दादाची बायको, ही सरूवहिनी, लोकाच्या वावरात निंदाले जाऊ लागली. काहून? एक खंजीर खोटा म्हनला म्हनून.

एक दिवस मी त्याच्या भात्याजवळ गेलो. कोनी नव्हतं. म्हनलो, "दादा, मी चुकलो असं म्हनून टाक. गाव येईन परत."

"चुकलो असतो तं म्हनलो असतो," दादा म्हनला. "तू कायले आला, ते सांग."

तवा मी त्याले एकट्याले सांगतलं. ते आज तुमाले सांगतो.

मंडळी, मी बंदूक चालवली नाई. मी खेचरवाला होतो. पहाडावरच्या पलटनीले पानी अन रोट्या पोचवत होतो. मालूम होतं, घरी गेलो की तुमी विचारसान, किती मारले रे? मी एकबी मारला नव्हता. म्हनून तिकडच्या एका बाजारात सिगरेटच्या दोन डब्याईवर हा खंजीर घेतला. अफसर नाई, झटापट नाई, काही नाई.

दादानं भाता थांबवला. म्हनला, "गोळ्या सुटत असताना पहाडावर पानी नेलं, ते काय कमी हाय का रे? तेच सांग ना गावाले. पन तूच सांग. मी नाई सांगनार."

अन त्यानं नाई सांगतलं. घरी बी नाई सांगतलं. वहिनी, तुमी आत्ता माह्याकडं जशा पाहून राह्यल्या ना, त्यावरूनच मले समजलं.

दर वर्षी मी म्हनलो, या दसऱ्याले सांगतो. दर वर्षी तुमी तो पाटावर ठेवला अन मी बी हात जोडले. दादाचा ताप डोक्यात गेला हे ऐकलं, तवा मी घरून निघालो. ठरवलं होतं, त्याच्या दारात उभं राहून चार लोकाईसमोर सांगीन, त्याच्या कानावर पडीन. पोचलो तं अंगनात तिरडीचे बांबू येऊन पडले होते.

आता मोठ्यानं सांगतो. खंजीर खोटा. मी खोटा. किसनदादा खरा होता, अन त्याले आपून सगळ्याईनं खोटं पाडलं. पहिला मी.

वहिनी, मी तुमची माफी मागत नाई. कोन्या तोंडानं मागू?

मंडळी, कोनाले मले मारावं वाटत असन तं मी पळून जात नाई, इथंच हाय. पन आधी उभे राहा. दादासाठी दोन मिनिटं गप्प राहा. मी गप्प राहनार नाई. मी लय वर्षं गप्प राह्यलो, त्याच्यानंच त्याचं घर बसलं. तुमी गप्प असान तवा मी एवढंच म्हनत राहीन, किसन लोहारानं पाह्यलं ते बरोबर होतं, बरोबर होतं, बरोबर होतं.

उभे राहा.