गप्प आहे त्याच्याकडे आधी

...नाही, पण मला सांगा, पोटात रक्तस्राव झाला की नाडी पळते आणि रक्तदाब पडतो, हे माणसानं वाचायचं तरी किती वेळा? डोकं इतकं बधिर झालंय, की टाचणी टोचली तरी कळायचं नाही! सर्जरीत दोनदा आपटलोय. तेही तोंडी परीक्षेत, एकाच प्रश्नावर! परीक्षक चष्म्यावरून बघत म्हणतात, "अपघात झालाय. एक जण बोंबलतोय, एक गप्प पडलाय. आधी कुणाकडे?" अहो, बोंबलतोय त्याच्याकडे ना? साधी माणुसकी! "अरे, ओरडतोय म्हणजे श्वास चालू आहे! गप्प आहे त्याच्याकडे आधी! या तुम्ही." दुसऱ्या खेपेला उत्तर पाठ होतं हो... तोंडातून बाहेर पडलं पहिलंच!

म्हणून घरीच तालीम. आई ओरडणार, बाबा गप्प पडणार. आता आमचे बाबा आणि गप्प! चटईवर डोळे मिटतात न मिटतात तोच, "पंखा पुसायला झालाय... मान अवघडली रे... मी मेलोय की नुसता बेशुद्ध?" बाबा, गप्प! आणि आई भाजी निवडत, "मेले गं बाई मेले! झालं का रे? दूध उतू जाईल."

त्या दिवशी मी आत घोकत बसलोय... बाहेर धप्प! आणि आईची किंकाळी. गेलो. स्टूल आडवं, बाबा जमिनीवर, हातात पंखा पुसायचं फडकं. हूं नाही की चूं नाही. मी काय म्हणालो असेन? "वा बाबा, आज जमलं!" आणि गेलो कुठे? सरळ आईकडे! म्हटलं, "तू ओरडतेयस, म्हणजे तुझा श्वास मोकळा." ती म्हणते, "मेल्या, खरे पडलेत ते!"

तुम्हाला सांगतो, तेवढी दोन मिनिटं बधिरपणा पार उतरला. भीती वाटली हो, खरी भीती! मान धरली, छातीकडे बघितलं, नाकाशी कान नेला... तर एक डोळा उघडून म्हणतात, "आधी आईकडे गेलास. नापास!"

खांद्याजवळचं हाड मोडलं, बाकी ठणठणीत. आणि परीक्षेत पुन्हा तोच प्रश्न! म्हटलं, "गप्प आहे त्याच्याकडे." "नक्की?" "हो सर. घरी चुकून झालंय." पास!

आई फोनवर फोन लावतेय. आणि मला? काही वाटतच नाही. बसलोय भिंतीकडे बघत. आत बाबा गळ्यात हात अडकवून सकाळपासून ओरडतायत, "चहा आणा! उशी सरकवा!" कोण हलतंय? ओरडतायत म्हणजे ठीक आहेत. आणि एकदम... शांत. मी दचकून उठतोय, तर हे दारात उभे.

"बराच वेळ तुझा आवाज नाही. म्हटलं, आधी तुझ्याकडे."

शेजारी बसले. धडक्या हातानं माझं मनगट धरलं, तेही उलट्या बाजूनं, आणि डोळे मिटून म्हणतात, "नाडी लागत नाहीये रे तुझी."

तिथे कुणाच्या बापाला लागायची नाही! पण म्हटलं, जाऊ दे... शोधा.