मालकाची रेघ

आमी मूळचे भंडाऱ्याकडचे. म्हंजे माहा बाप तिकडचा. तो रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात लागला अन् रायपूरले आला, मंग माय आली, अन् आमी दोघं भाऊ इथंच झालो, गुढियारीत. मी थोरला, देवानंद, अन् माह्याहून अकरा वर्सांनी लहाना राजू. मधात दोन बहिनी झाल्या, त्या राहिल्या नाहीत, म्हनून मायचा राजूवर लय जीव, पर वाढला तो माह्याच कडेवर. तुमी लिहून राहिल्या ना ताई, तर हे पहिलं लिहा, की त्या पोट्ट्याले चालाले मी शिकवलं. याच दोन हातांनी. पुढं जे सांगनार आहे तेही याच हातांचं आहे.

दहावीत नापास झालो तं बाप म्हने आता काम शिक, रेल्वे काही तुह्यासाठी थांबली नाही. मंग मी रहमान उस्तादकडे लागलो, स्टेशनच्या मांगं त्यायचं टिनाचं शेड होतं. त्या वक्ताले जीप लांब कराचं काम बहोत चाले. खेड्यापाड्यातल्या सवारीच्या जिपा. चेसिस, म्हंजे खालचे दोन लोखंडी चॅनल ज्याच्यावर सगळी गाडी बसते, ते मधातून कापाचे, तुकडा टाकाचा, वेल्डिंग माराची, वरून पट्टी ठोकाची, झाली मांगं अजून एक सीट. उस्तादचा एक नियम होता. चेसिसवर खडूची रेघ मालकानं माराची, स्वतःच्या हातानं. किती कापाचं, किती जोडाचं, उस्ताद समजावून सांगे, घंटाभर सांगे, पर रेघ मालकाची. म्हने देवा, आपन कटर चालवतो, गाडी तो चालवनार आहे, जिथं त्याची रेघ तिथं तुहा कटर, एक सूत इकडं नाही की तिकडं नाही. कोनी मालक म्हने, अरे तुमीच मारा ना, तं उस्ताद खडू त्याच्या हातात ठेवून चहा प्याले निघून जाय. माह्या गॅरेजात आजही तोच नियम आहे. हव, नियम आहे. लोकायले सांगाले बरा आहे.

मंग मी सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे वेल्डर होतो काही वर्सं, तिथं छाती काळी करून घेतली, डोळे खराब करून घेतले, अन् मंग इथं स्वतःचं शेड टाकलं. तवर जमाना बदलून गेल्ता. सवारीच्या जिपा बंद, टेम्पो आले, अन् जीप झाली पैसेवाल्या पोट्ट्यायचा शौक. चिखलात घाला, नाल्यात घाला, पहाडावर चढवा, कोन पहिला चढते पाहा. आधी जे लांब करत होतो तेच आता लहान कराले सांगत. पुढचं अन् मांगचं चाक जवळ आलं की गाडी जागच्या जागी वळते ना, म्हनून. काय सांगू तुमाले, आपल्या कामाले काही शेंडा ना बुडखा, लोक म्हनतीन ते कराचं.

राजू त्या पोट्ट्यायच्या गाड्या चालवे. त्याचा हात लय चांगला होता. त्यायले वाटे गाडी चांगली, मले ठाऊक होतं हात चांगला. एक दिवस म्हने दादा, आपली एक बनव ना, दुसऱ्याच्या गाडीत किती दिवस बसू. मंग आमी लिलावातली एक जुनी जीप उचलली. दोन वर्सं लागली. इंजन मी बांधलं, रंग त्यानं मारला, हिरवा, मिलिटरीचा नाही, पोपटी. शेवटी चेसिस राहिली. मी म्हनलं मालक तू, मार रेघ. त्यानं हसत हसत दोन रेघा मारल्या, मधात सहा इंच, म्हने एवढं काढ, अन् घरी जेवाचा डबा आनाले गेला.

तेवढ्यात तात्यापाऱ्यातला एक गिऱ्हाइक पोट्टा आला, उभ्या उभ्या पाहून म्हनते, चाचा, बस छे इंच? उधर दूसरे गॅरेज में तो आठ काट रहे हैं. अन् गेला. बस एवढंच बोलला तो. त्याचा काही दोष नाही. मी रेघेकडे पाहत बसलो. डोक्शात आलं, आठ? मी दहा कापतो, रायपुरात माह्यापेक्षा लहान गाडी कोनाची नसन. अंगठ्यानं राजूची मांगची रेघ पुसली, चार इंच मांगं सरकवून दुसरी मारली, अन् कटर लावला. राजू डबा घेऊन आला तवर तुकडे भंगारात पडले होते, अन् दुसऱ्या दिवशी भंगारवाल्यासंगं सिलतऱ्याच्या भट्टीत गेले. त्यानं काही मोजलं नाही. माह्या कामावर तो कायले टेप लावीन? पहिल्या दिवशी चालवून आला तं म्हने, दादा, काय वळते बे गाडी! माही गळाभेट घेतली. मी फुगून गेलो.

ते झालं धमतरीच्या रस्त्यावरच्या एका बंद खदानीत. चढाव होता. मी खाली उभा होतो. चाकं जवळ आली की चढावर गाडीचं नाक हलकं होते ताई, सहा इंचात होते, दहात लयच होते, हे मले तवाही ठाऊक होतं. नाक उचललं, गाडी मांगच्या चाकावर सरळ उभी झाली, अन् उलटी आली. राजू खाली.

कंबरेखालचं सगळं गेलं. दवाखान्यात पाचव्या दिवशी तो बोलला, दादा, तू मनाले लावून घेऊ नको, रेघ माहीच होती. तवा सांगाचं होतं. तोंड उघडलंही होतं मी. अन् म्हनलं काय? म्हनलं, झोप आता.

तिथून अकरा वर्सं. त्याचं लग्न ठरलेलं होतं बालाघाटच्या पोरीशी, ती यायले तयार होती, रडत आल्ती, यानंच नाही म्हनलं. म्हने माह्या हातानं मी माहं वाटोळं केलं, तिचं कायले करू. मंग तो माह्याच शेडमध्ये चाकाच्या खुर्चीवर बसाले लागला, गिऱ्हाइक पाहे, नाप घेई. कोनी इचारलं पाय कसे गेले, तर त्याचं ठरलेलं बोलनं होतं. मी रेघ मारली, दादानं कापलं, पाय माहे गेले. अन् हसे. गिऱ्हाइकही हसे. मी वेल्डिंगची काच तोंडासमोर धरून उभा राहो. अकरा वर्सं हेच ऐकलं, लिहा तुमी.

जीप मांगं ताडपत्रीखाली पडली होती. एक दिवस म्हनते, दादा, तिले लांब कर. क्लच-ब्रेक हातावर घेऊ, मांगं माही खुर्ची बसवू, मी कोनाले न बोलावता बाहेर जाईन. जेवढं कापलं तेवढंच परत टाक, सहा इंच. आता सांगा मी काय करू? सहा टाकले तर गाडी अजून चार इंच लहानच, वरून खुर्चीचं वजन मांगं, नाक पहिल्यासारखंच हलकं, अन् मले ठाऊक होतं तो पहिले त्याच खदानीत जाईन. दहा टाकले तर त्याले कळनार. गुपचूप टाकाचं म्हनलं तर टेप त्याच्याच हातात. मी म्हनलं, लोखंड थकलं रे, दुसरा जोड सहन कराचं नाही. तीन वर्सं हेच म्हनलं. तो म्हने, मंग परवा त्या सरदारजीच्या गाडीले दुसरा जोड कसा मारला? मी चिडो. त्याच्यावर चिडो, विचार करा. पाय गेलेल्या भावावर.

मागच्या हिवाळ्यात तो मले न इचारता मधात जोडाले नवीन चॅनल मांडीवर ठेवून आला. खडू काढला, टेप लावला, सहा इंचावर रेघ मारली, अन् म्हने काप. नियम तुहाच आहे. मी कटर चालू केला. रेघेवर टेकवला नाही, तसाच धरून उभा राहिलो. मंग बंद केला अन् म्हनलं, राजू, दहा लागतीन. तो म्हने, काहून दहा? मी सांगतलं. तो पोट्टा, अंगठा, चार इंच, सगळं सांगतलं. डबा आनाले गेल्ता तवा, हेही सांगतलं.

मले वाटलं शिव्या देईन, काही फेकून मारीन. तसं केलं असतं तं मी त्याचे पाय धरले असते. त्यानं सहाची रेघ अंगठ्यानं पुसली. टेप लावला. दहावर रेघ मारली. पुन्हा मोजली. म्हने, काट दो. हिंदीत म्हने. आमी दोघं भाऊ जल्मात एकमेकाशी हिंदी बोललो नाही, ताई. हिंदी गिऱ्हाइकासाठी.

गाडी झाली. चांगली झाली, बढिया झाली, माह्या हातचं सगळ्यात चांगलं काम तेच. त्याच खदानीत जाऊन आला तो, एकटा, नाक उचललं नाही. हे मले दुसऱ्यायकडून कळलं. आता कोनी पाय कसे गेले इचारलं तर म्हनते, एक्सिडेंट. पुढं काही नाही. माहं नाव घेत नाही, हेही मले सोसत नाही.

मी अजून कापतो. साठीले आलो, दुसरं येत नाही. तो शेडमध्ये येते, रोज येते, चुकत नाही. मी तुकडा कापून खाली ठेवला की खुर्ची पुढं घेते, वाकते, टेप लावते, गिऱ्हाइकासमोर. मोजू दे, त्याचा हक्क आहे. तुमाले कोनी लहाना भाऊ असन तं त्याचं मंगल होवो, तुमचंही होवो. थांबा जराशा, आता हा तुकडा कापतो, तुमीच ऐका तो काय म्हनते. आधी दादा म्हने.

छे इंच. बराबर है, भैया.